आत्मसमर्पण (ख्रिस्ती धर्म)

आत्मसमर्पण म्हणजे ख्रिस्ती व्यक्तीने आपली इच्छा स्वखुशीने ईश्वराच्या इच्छेच्या अधीन करणे. ते वैराग्याहून आणि दैववादाहूनही वेगळे आहे. समर्पणात इच्छाशक्ती नष्ट होत नाही, तिची दिशा बदलते. ती सर्वस्वी विझवावी असे सुचवणाऱ्या मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूची मते पोपने १६८७ साली त्याज्य ठरवली होती.

या कल्पनेचे मूळ नव्या करारात आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी याचना केली, पण अखेरचा निर्णय पित्यावर सोपवला. आधी याचना येते आणि मग अधीनता, हा क्रम महत्त्वाचा आहे; मनातील विरोध लपवणे म्हणजे समर्पण नव्हे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचे वर्णन केले आहे. पुढे इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथातील प्रार्थनेत स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी व इच्छा ईश्वराला वाहिली.

मराठी ख्रिस्ती परंपरेत रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे जीवन हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. हा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून, वरठी येथील भंडारा रोड स्थानकावरून जातो. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची झळ मात्र प्रथम पत्नी लक्ष्मीबाईंना लागली. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली व १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. एकाच्या समर्पणाची किंमत दुसऱ्याला, तीही न विचारता, मोजावी लागते. चरित्रपर लेखनात सहसा निसटणारी ही बाजू लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात स्पष्ट दिसते.

टिळकांनी समर्पणभाव अभंगातून मांडला. तुकारामांच्या भक्तीच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. वारकरी शरणागतीशी असलेले साम्य उघड आहे; फरक असा की ख्रिस्ती समर्पणाचा केंद्रबिंदू क्रूस आहे. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली व साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. मिशनचे वेतन सोडणे हाही त्यांच्या दृष्टीने समर्पणाचाच भाग होता.

येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो: ईश्वराची आज्ञा व धर्मसंस्थेची आज्ञा एकच काय? रोमन कॅथलिक संन्यस्तांच्या आज्ञापालनव्रतात वरिष्ठांचा शब्द ईश्वरेच्छेचे साधन मानला जातो. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) असे सरसकट मानण्यास नकार दिला. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर तेथील अँग्लिकन भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी आपल्या विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य ठामपणे राखले. तरीही १९०७ सालच्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की आपल्याला प्रथम केवळ ख्रिस्ती धर्म गवसला होता, स्वतः ख्रिस्त मात्र अनेक वर्षांनी भेटला. ज्यांना त्या हट्टी वाटत, त्यांनी हे निवेदन व ती पत्रे एकत्र वाचावीत. माणसांपुढे न वाकणाऱ्या या विदुषीने उर्वरित आयुष्य केडगावच्या मुक्ती मिशनमधील निराधार स्त्रियांना व बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिले.