खेळताना पाणी पिऊ नको: एका चुकीच्या नियमाची गोष्ट

आजच्या एपिसोडचा विषय मला माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याने दिला. तो फुटबॉल खेळतो. परवा पाण्याची बाटली भरलेलीच घरी आणली. विचारलं तर म्हणाला, "मामा, प्रॅक्टिसच्या मध्ये पाणी प्यायचं नसतं. पोटात दुखतं."

मी चाटच पडलो. कारण सोलापूरच्या उन्हात खो-खो खेळताना हेच वाक्य मीही ऐकलं होतं. सातवीत असताना एकदा तसाच कोरड्या घशाने पळत राहिलो आणि खांबापाशी चक्कर येऊन पडलो. तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरगं अशक्त आहे. मलाही तेच वाटलं.

मग हा नियम आला कुठून? शोधत गेलो तर पोचलो थेट १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकला.

३० ऑगस्ट, मॅरेथॉन. पारा ३२ अंशांच्या आसपास, धुळीचे रस्ते, आणि पाणी मुद्दामच जेमतेम ठेवलेलं. आयोजक जेम्स सुलिव्हन यांना बघायचं होतं की पाण्याशिवाय शरीर किती ताणता येतं. ३२ धावपटू निघाले, शेवटपर्यंत पोचले फक्त १४. विजेता थॉमस हिक्सने पाणी मागितलं, तर मदतनिसांनी त्याला स्ट्रिक्नीन नावाचं विष अंड्याच्या पांढऱ्या भागात आणि ब्रँडीत मिसळून पाजलं! त्या काळी ते 'उत्तेजक' समजलं जायचं. हिक्स जिंकला, पण अर्धमेला होऊन. तरीही 'पाणी म्हणजे कमकुवतपणा' ही समजूत मैदानांवर पुढची कित्येक दशकं टिकली.

तिला धक्का बसला १९६५ मध्ये. फ्लोरिडा विद्यापीठातल्या एका फुटबॉल प्रशिक्षकाने डॉ. रॉबर्ट केड यांना साधा प्रश्न विचारला: सामन्यात माझ्या पोरांना लघवीच का होत नाही? उत्तर होतं, सगळं पाणी घामावाटे जातंय, आणि सोबत मीठही. केड यांनी पाणी, मीठ, साखर एकत्र केलं. चव इतकी भयंकर की त्यांच्या बायकोने लिंबू पिळायला सुचवलं. तेच गेटोरेड. म्हणजे थोडक्यात आपलं लिंबूसरबत!

आता गंमत बघा. हेच मीठ-साखरेचं गणित आपल्याकडे मैदानासाठी नाही, तर जीव वाचवण्यासाठी वापरलं गेलं. १९७१, बांगलादेश युद्ध, बनगावची निर्वासित छावणी, कॉलऱ्याची साथ. सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा कालवून नातेवाइकांच्या हातानेच रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

हे चालतं कसं? आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. मात्र प्रमाण नेमकं हवं. साखर फार झाली तर उलट पाणीच आतड्यात ओढलं जातं. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांवर 'ओआरएस' लिहायला बंदी घातली. माझी ताई भाच्याच्या डब्यासोबत असलंच एक टेट्रापॅक रोज देत होती!

मग द्यायचं काय? तासाभराच्या खेळाला साधं पाणी पुरतं: खेळाआधी, मग दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट. खेळाच्या नादात मुलांना तहान कळत नाही, म्हणून मोठ्यांनी आठवण करायची. खेळ लांबला किंवा ऊन जास्त असलं तर चिमूटभर मीठ घातलेलं लिंबूसरबत. आधी केळं, नंतर पोळी-भाजी, वरण-भात, अंडं किंवा शेंगदाण्याची चिक्की. लघवी गडद पिवळी दिसली की समजा, पाणी कमी पडतंय. आणि एनर्जी ड्रिंक? मुलांना अजिबात नाही, त्यात कॅफिन असतं.

पोटात कळ येते ती एका दमात तांब्याभर पाणी ढोसून लगेच पळाल्यावर. सरांचं तेवढंच बरोबर होतं. त्यांनाही कुणीतरी हाच नियम शिकवला असणार.

काल मी भाच्याच्या प्रशिक्षकांना भेटलो आणि ही मॅरेथॉनची गोष्ट सांगितली. ते हसले. आज संध्याकाळी भाच्याची बाटली रिकामी आली.

तुमच्या घरी कुणी खेळत असेल, तर आज बाटली उचलून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!