एंजेल, जेम्स बरिल
(७ जानेवारी १८२९ – १ एप्रिल १९१६). अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ व मुत्सद्दी. मिशिगन विद्यापीठाचे ३८ वर्षे (१८७१–१९०९) अध्यक्ष. जन्म ऱ्होड आयलंड राज्यातील सिच्युएट येथे. ब्राऊन विद्यापीठातून पदवी (१८४९) घेतल्यावर त्यांनी तेथेच आधुनिक भाषांचे अध्यापन केले. पुढे ते ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ या दैनिकाचे संपादक (१८६०–६६) आणि व्हरमॉन्ट विद्यापीठाचे अध्यक्ष (१८६६–७१) होते.

सरकारी विद्यापीठाचे दार गरिबांच्या मुलामुलींनाही खुले असले पाहिजे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. मिशिगन विद्यापीठाच्या १८७९ च्या पदवीदान समारंभातील भाषणात त्यांनी ही भूमिका सविस्तर मांडली. त्याच वर्षी विद्यापीठात अध्यापनशास्त्राचे अध्यासन सुरू झाले. त्यांच्या कारकिर्दीत विद्यार्थिसंख्या सुमारे १,१०० वरून ५,००० च्या वर गेली. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या विद्यापीठीय अध्यापनाच्या कारकिर्दीस येथेच प्रारंभ झाला (१८८४).

चीनमधील अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी (१८८०–८१) म्हणून त्यांनी केलेल्या करारान्वये चिनी मजुरांच्या आगमनावर मर्यादा घालण्याची मुभा अमेरिकेस मिळाली. १८८२ च्या अन्यायकारक चिनी बहिष्कार कायद्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. १८९७–९८ मध्ये ते ऑटोमन साम्राज्यातही अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी होते. ॲन आर्बर येथे त्यांचे निधन झाले. पुत्र जेम्स रोलंड एंजेल हे येल विद्यापीठाचे अध्यक्ष (१९२१–३७) झाले.