उद्दीपन-अवसाद विकृती : कारणमीमांसा व उपचार यांविषयीचा वाद

उद्दीपन-अवसाद विकृती : भावावस्थेच्या दोन टोकांमध्ये आवर्तने होणारा मनोविकार. उद्दीपनावस्थेत अवाजवी उल्हास किंवा चिडखोरपणा, अखंड बडबड, झोपेची गरज कमी होणे, बेफाम खर्च व स्वतःच्या थोरवीविषयीच्या भ्रामक कल्पना आढळतात. अवसादावस्थेत खिन्नता, निरुत्साह, अपराधभावना व आत्महत्येचे विचार प्रबळ होतात. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीपासून (१९८०) ‘द्विध्रुवी विकार’ ही संज्ञा रूढ झाली. या विकाराचे मूळ शरीरात की मनात, हा वाद जुना असून रुग्णावर कोणता उपचार व्हावा आणि दोष कोणाच्या माथी यावा, हे त्याच्या निर्णयावर अवलंबून राहिले.

प्राचीन ग्रीक वैद्यकात विषण्णतेचे कारण शरीरातील काळ्या पित्ताचा प्रकोप हे मानले जाई. कॅपाडोशियाचा वैद्य ॲरिटीअस याने विषण्णता व उन्माद यांचा परस्परसंबंध वर्णिला होता. १८५४ मध्ये पॅरिस येथे झां-प्येअर फालरे व झ्यूल बायार्जे यांनी या दोन अवस्था एकाच रोगाच्या असल्याचे स्वतंत्रपणे मांडले व अग्रमानाविषयी त्यांच्यात वादही झाला. जर्मन मनोविकारतज्ञ एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) यांनी १८९९ मध्ये या विकृतीस स्वतंत्र स्थान दिले. तिच्या कारणांत त्यांनी आनुवंशिकतेस प्राधान्य दिले.

मनोविश्लेषणवाद्यांनी याहून वेगळी दिशा घेतली. कार्ल आब्राहाम यांनी १९११ मध्ये अवसादाचा संबंध दडपलेल्या द्वेषभावनेशी जोडला. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये असे प्रतिपादन केले, की गमावलेल्या प्रिय व्यक्तीविषयीचा रोष विषण्ण रुग्ण स्वतःवरच उलटवितो. तथापि विषण्णतेचे काही प्रकार शारीरिक असावेत, हेही त्यांनी मान्य केले होते. अमेरिकेत ॲडॉल्फ मायर यांच्या प्रभावामुळे मनोविकार हा जीवनातील प्रसंगांना दिलेला प्रतिसाद समजला जाऊ लागला. १९५२ च्या अमेरिकन वर्गीकरणात या विकृतीस ‘प्रतिक्रिया’ म्हटले आहे. १९५४ मध्ये मेबल ब्लेक कोहेन व त्यांचे सहकारी यांनी १२ रुग्णांच्या अभ्यासावरून या विकाराची मुळे बालपणीच्या कौटुंबिक संबंधांत शोधली. एवढ्या थोड्या रुग्णांवरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नव्हता. परंतु अशा विचारसरणीमुळे आजाराचा दोष मातापित्यांकडे वळणे सोपे झाले.

दरम्यान ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये उद्दीपनावस्थेतील १० रुग्णांवर लिथियमाचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. हा विकार शरीरातील एखाद्या विषारी द्रव्यामुळे होतो, या समजुतीने त्यांनी गिनीपिगांवर प्रयोग आरंभिले होते. ती समजूत पुढे टिकली नाही; लिथियम मात्र टिकले. डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्काउ यांनी १९५४ मध्ये त्याची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. लिथियमाने पुढील आवर्तनेही टळतात, या त्यांच्या दाव्यावर १९६८ मध्ये बॅरी ब्लॅकवेल व मायकेल शेपर्ड यांनी लॅन्सेट या नियतकालिकातून कडक टीका केली. तुलनेसाठी औषधरहित गट नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्याला उत्तर म्हणून लिथियम चालू असलेल्या ८४ रुग्णांपैकी काहींना, त्यांना व तपासणाऱ्यांना कळू न देता, निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा ३९ रुग्णांपैकी २१ जणांत विकार उलटला. लिथियम घेणाऱ्या ४५ जणांत तो एकातही उलटला नाही.

औषध लागू पडले, यावरून कारण सिद्ध होत नाही, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. मेंदूतील विशिष्ट रासायनिक द्रव्यांच्या न्यूनाधिक्याची उपपत्ती (१९६५) अपुरी ठरली. १९८७ मध्ये अमेरिकेतील आमिश समाजाच्या अभ्यासात ११ व्या गुणसूत्राशी या विकाराचा संबंध जोडण्यात आला, पण १९८९ मध्ये तो निष्कर्ष टिकला नाही. एकयुग्मज जुळ्यांत दोघांनाही विकार असण्याचे प्रमाण द्वियुग्मज जुळ्यांहून बरेच अधिक असल्याने आनुवंशिकतेचा वाटा निश्चित मानला जातो. तथापि एकयुग्मज जुळ्यांतील एकास विकार असताना दुसरा निरोगी राहिल्याचीही उदाहरणे आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीत ६४ जनुकीय स्थाने आढळली. त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम अल्प आहे.

मानसोपचाराचे स्थानही नव्याने ठरले. बार्सेलोना येथे औषध घेणाऱ्या १२० रुग्णांच्या चाचणीत (२००३) आजाराची पूर्वचिन्हे ओळखणे, नियमित झोप व औषधातील सातत्य यांचे गटशिक्षण मिळालेल्यांत दोन वर्षांच्या काळात आवर्तने कमी झाली. लिथियमाची उपयुक्त व विषारी मात्रा यांतील अंतर थोडे असल्याने त्याचे रक्तातील प्रमाण, तसेच मूत्रपिंडे व अवटू ग्रंथी यांचे कार्य वेळोवेळी तपासावे लागते. उल्हासाची ओढ किंवा दुष्परिणामांची भीती यांमुळे अनेक रुग्ण औषध सोडतात. अशा वेळी समुपदेशन व कुटुंबाचे सहकार्य यांवाचून औषधाचाही लाभ होत नाही.

कारण व उपचार हे दोन वेगळे प्रश्न होत. चुकीच्या उपपत्तीतून उपयुक्त औषध हाती आले आणि कुटुंबास दोषी मानणारी मीमांसा मागे पडल्यावर तेच कुटुंब उपचारातील सहकारी ठरले. जैविक व मानसिक असा विरोध कल्पून एकाच बाजूचा उपचार नाकारल्यास त्याची हानी अखेर रुग्णासच सोसावी लागते, हा या वादाच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.