प्रकाशा
प्रकाशा : नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील प्राचीन वसतिस्थान व तीर्थक्षेत्र. सातपुड्यातून शहाद्यावरून येणारी गोमाई नदी येथे तापीला मिळते. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावरचे हे गाव १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निर्माण होईपर्यंत धुळे जिल्ह्यात होते. आसपासची काळी, गाळाची जमीन कसदार असून कापूस, ऊस, केळी व पपई ही पिके निघतात.

भाविकांना प्रकाशा ठाऊक आहे ते ‘दक्षिण काशी’ म्हणून. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर, गौतमेश्वर ही येथील प्रमुख शिवस्थाने. पुष्पदंत या गंधर्वाने शिवमहिम्न स्तोत्र रचले, अशी परंपरा आहे. काशीची यात्रा पुष्पदंतेश्वराच्या दर्शनाशिवाय पुरी होत नाही, असे खानदेशात मानतात. गुरू सिंह राशीत आला की, म्हणजे बारा वर्षांनी एकदा, येथे सिंहस्थाची पर्वणी भरते. एरवीही अस्थिविसर्जन व श्राद्धविधींसाठी दूरवरून लोक येतात.

गावाचे खरे वय मात्र देवळांवरून नव्हे, संगमालगतच्या पांढरीच्या टेकाडावरून कळते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बा. कृ. थापर यांनी १९५५ मध्ये येथे उत्खनन केले. वस्तीचे चार कालखंड त्यांना मिळाले. पहिला ताम्रपाषाण काळाचा, इ.स.पू. सुमारे १७०० ते १३०० चा. त्या काळी तांबे दुर्मीळ होते, रोजचे काम गारगोटीच्या बारीक पात्यांवर चाले. मग मोठा खंड पडला. इ.स.पू. ७०० च्या सुमारास पुन्हा वस्ती झाली, ती लोखंड वापरणाऱ्यांची. शेवटचा कालखंड इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंत येतो.

प्रकाशाचे महत्त्व ठरले ते खापरांमुळे. सर्वांत खालच्या थरात नर्मदाकाठच्या नावडातोलीला सापडतात तशी माळवा पद्धतीची भांडी आहेत : फिकट नारिंगी अंगावर गडद तपकिरी नक्षी. त्याच्या वर गोदावरी–प्रवरा खोऱ्यातली जोर्वे भांडी येतात. लाल, पक्की भाजलेली, काळ्या रेघांनी रंगवलेली ही भांडी. टिचकी मारली तर खापर खणकते. त्यांच्याबरोबरच गुजरातेतल्या रंगपूरची आठवण देणारी चकचकीत लाल भांडी मिळाली. पुढच्या लोहयुगीन कालखंडात उत्तरेकडची काळी झिलईदार खापरे आली. त्यांची चकाकी मातीखाली शतके काढूनही गेलेली नाही. माळवा, दख्खन, गुजरात व गंगेचे खोरे या सगळ्यांशी असलेला संबंध एकाच टेकाडात असा थराथराने हाती लागला. खानदेश हा दोन मोठ्या प्रदेशांमधला नुसता वाटेचा मुलूख, ही समजूत प्रकाशाच्या पुराव्यापुढे टिकत नाही. तापीकाठच्याच सावळदा या गावावरून पुढे एका स्वतंत्र ताम्रपाषाण संस्कृतीला नाव मिळाले, हेही येथे लक्षात घ्यावे. थापर यांचा सविस्तर अहवाल ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या प्रागितिहासाच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही.

अलीकडे तापीवर येथे बॅरेज बांधले गेले असून दुसरे वरच्या अंगाला सारंगखेड्याला आहे. पावसाळ्यात हतनूर धरणातून पाणी सोडले की दोन्हींचे दरवाजे उघडावे लागतात व काठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो.

पांढरीच्या टेकाडांना सर्वत्र दोन धोके असतात : नदीची धूप आणि घराच्या किंवा शेताच्या कामासाठी माती नेणारी माणसे. नदी आवरणे अवघड. माणसांना मात्र थांबवता येते. प्रकाशाला जाणाऱ्याने दर्शन झाल्यावर टेकाडही पाहावे, आणि पायाशी खापर दिसले तर ते उचलू नये. जागेवरून हललेले खापर पुराव्यातून बाद होते.