तळव्यावरील पाते कोणाच्या हाती?

पायाला भोवरी झाली किंवा टाचेला घट्टे पडले, की ते तासून काढण्याकडे अनेकांचा कल असतो. न्हाव्याच्या धोकटीतील नराणीने नखे काढण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच. आता शहरांत तिची जागा ब्युटी पार्लरने घेतली असून, 'पेडिक्युअर'च्या वेळी टाचेवरून पाते फिरवून घेण्याचा आग्रह कित्येकदा ग्राहकच धरतात. मात्र धारदार पाते त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत न्यावे, हा प्रश्न सौंदर्याचा नसून वैद्यकाचा आहे. म्हणूनच ते पाते चालवणाऱ्याचे शिक्षण काय, याला महत्त्व येते.

घट्टा, भोवरी आणि चामखीळ

सततचा दाब व घर्षण यांमुळे त्वचेचा सर्वांत वरचा थर जाड होतो, तो घट्टा. हाच दाब एका बिंदूवर एकवटला, की शंकूसारखा कठीण गाभा तयार होऊन आत रुतू लागतो, ती भोवरी. या थरात रक्तवाहिन्या वा मज्जातंतू नसतात. त्यामुळे कुशल हाताने तो तासला, तर वेदना होत नाहीत आणि रक्तही येत नाही. अडचण अशी, की निर्जीव थर संपून सजीव त्वचा कोठे सुरू होते, हे अननुभवी डोळ्यांना दिसत नाही. शिवाय तळव्यावरची चामखीळ वरकरणी भोवरीसारखीच दिसते. भोवरी थेट दाबली असता दुखते, तर चामखीळ बहुधा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर अधिक दुखते. चामखीळ विषाणूजन्य असल्याने ती भोवरी समजून कापल्यास रक्तस्राव होतो आणि संसर्ग पसरण्याचा धोका राहतो.

प्रशिक्षणात काय असते?

पादचिकित्सक, म्हणजेच पोडियाट्रिस्ट, शस्त्रक्रियेत वापरतात तशाच मुठीवर बहुधा १० किंवा १५ क्रमांकाचे पाते बसवतात. एका हाताने त्वचा ताणून धरायची आणि पाते जवळपास समांतर ठेवून पातळ पापुद्रे काढायचे, ही त्याची रीत. परंतु हस्तकौशल्य हा शिक्षणाचा एक भाग झाला. पाते उचलण्यापूर्वी पायातील दोन नाड्या तपासणे, १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने संवेदना पाहणे, रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेतो का याची चौकशी करणे, हे त्याहून महत्त्वाचे. अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे आणि पाते एकाच रुग्णासाठी वापरून टाकून देणे हाही याच शिस्तीचा भाग होय.

ब्रिटन व अमेरिका

ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने केवळ 'सरकारी नोंदणीकृत' हे बिरुद संरक्षित केले होते. नोंदणी नसलेला माणूसही स्वतःला 'कायरोपोडिस्ट' म्हणवू शकत असे. २००३ मध्ये नवी नोंदवही सुरू झाली आणि संक्रमणकाळानंतर 'कायरोपोडिस्ट' व 'पोडियाट्रिस्ट' ही दोन्ही नावे नोंदणीकृतांपुरती राखीव झाली. नोंदणीसाठी सामान्यतः मान्यताप्राप्त पदवी लागते. तरीही संरक्षण नावाला आहे, पात्याला नाही. 'फूट हेल्थ प्रॅक्टिशनर' हे नाव कायद्याने राखीव नसल्याने अल्प प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीही ते लावून व्यवसाय करू शकते. त्यामुळे नोंदवहीत नाव पाहणे ही जबाबदारी ग्राहकावरच येते.

अमेरिकेत पदवीनंतर चार वर्षांचे पादवैद्यकाचे शिक्षण, रुग्णालयातील निवासी प्रशिक्षण आणि राज्याचा परवाना अशी वाट आहे. कॅलिफोर्नियाने तर घट्टे तासण्याचे धारदार साधन सौंदर्यकेंद्राच्या जागेत ठेवण्यासही मनाई केली आहे. याच राज्यात २००० मध्ये एका नेल सलूनमधील शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर जिवाणूंमुळे गळवे उठली होती. उगम पाय बुडवण्याच्या टबांत होता आणि आधी पायांवरून वस्तरा फिरवलेल्यांना धोका अधिक असल्याचे आढळले. सूक्ष्म जखमही संसर्गाला पुरेशी ठरते, हा त्यातला धडा.

आपल्याकडील स्थिती

भारतात हा प्रश्न अधिक गंभीर आहे, तो मधुमेहामुळे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. दीर्घकालीन मधुमेहात पायांची संवेदना मंदावते आणि रक्तपुरवठाही घटू शकतो. अशा रुग्णाला पाते खोल गेल्याचे कळतच नाही. जखम चिघळून बोट वा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. दुसरीकडे, घट्टा तसाच ठेवला तर दाब वाढून त्याखालीच व्रण तयार होतो. म्हणजे मधुमेह्याचा घट्टा काढायला तर हवा, पण तो प्रशिक्षित हातांनीच.

२०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत पोडियाट्रिस्टचा समावेश झाला, हे स्वागतार्ह पाऊल होय. तथापि असे तज्ज्ञ मोजकेच असून मधुमेही पायाचे उपचार प्रामुख्याने शल्यचिकित्सक व मधुमेहतज्ज्ञांकडे होतात. पेडिक्युअरचे प्रशिक्षण हे मूलतः सौंदर्यसेवेचे शिक्षण आहे. ते रोगनिदानाची पात्रता देत नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

पाते सीलबंद वेष्टनातून समोर काढले जाते का, वापरानंतर ते न भोसकले जाणाऱ्या डब्यात टाकले जाते का आणि आधी मधुमेहाची चौकशी होते का, हे तीन प्रश्न पुरेसे बोलके आहेत. मधुमेह, पायातील रक्तप्रवाहाचा विकार किंवा बधिरपणा असल्यास सौंदर्यकेंद्रात पाते लावूनच घेऊ नये. घरी ब्लेड वापरणे किंवा भोवरीवर आम्लयुक्त पट्टी चिकटवणेही अशांनी टाळावे. इतरांना कोमट पाणी, सौम्य खरखरीत दगड, मलम आणि मापाची पादत्राणे एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. दाबाचे मूळ कारण दूर झाले नाही, तर कितीही कुशल हाताने तासलेला घट्टा पुन्हा येणारच.