वह्या कुणी तारल्या?

चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत अडकलो की मला संताजी जगनाडे आठवतात. ते याच चाकणचे, तेलाच्या घाण्यावरचे, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. कारखान्यातली पाळी सांभाळून मी गेली वीस वर्षे गाथेच्या जुन्या आवृत्त्या चाळतो आहे. बंदी घातलेले पुस्तक वाचते कसे, हा माझा प्रश्न.

परंपरा सांगते ती हकिकत सर्वांना ठाऊक आहे. शूद्राने वेदार्थ सांगू नये, असा आक्षेप वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी घेतला. तुकोबांनी देहूला वह्या इंद्रायणीत बुडवल्या, काठावर धरणे धरले आणि तेरा दिवसांनी वह्या तरल्या. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंच्या अभंगातही या प्रसंगाचा उल्लेख आहे. आक्षेप अभंगातल्या एखाद्या चुकीवर नव्हता, लिहिणाऱ्याच्या अधिकारावर होता. पुढे रामेश्वरभट्टच तुकोबांचे अनुयायी झाले, हेही परंपराच सांगते.

श्रद्धेच्या कथेला मी हात लावत नाही. पण नदीनंतरची सव्वादोनशे वर्षे गाथा कुणी सांभाळली, ते कागदावर दिसते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या मदतीने १८६९ ते १८७३ या काळात गाथा छापली. त्यासाठी हस्तलिखिते जमवली ती देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूरची. यातली पहिली तीन गावे आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यातली. पुढे १९१९च्या सुमारास वि. ल. भावे यांनी जगनाड्यांच्या वह्यांवरून ‘अस्सल गाथा’ काढली. उतरवून घेणारे, पाठ करणारे, फडक्यात बांधून ठेवणारे असे हे वाचकच होते.

अशाच हस्तलिखितांचे घर असलेल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी हल्ला झाला. निमित्त होते जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाचे. त्यातल्या शिवरायांच्या माता-पित्यांविषयीच्या वदंतेचा उल्लेख मलाही खटकतो. पण प्रकाशकाने पुस्तक आधीच, २००३ साली, मागे घेतले होते आणि संस्थेने ते लिहिलेही नव्हते. तरी ग्रंथ फाडले गेले. त्याच महिन्यात सरकारने पुस्तकावर बंदी घातली.

त्या बंदीविरुद्ध न्यायालयात गेले ते संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला नीळकंठ. यांत ना त्या पुस्तकाचा लेखक, ना प्रकाशक. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ९५ वे कलम सरकारला पुस्तक जप्त करू देत होते, पण त्याची कारणे सांगायला लावत होते. कोणत्या समाजगटांत वैर माजेल, हे सरकारला दाखवता आले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली बंदी रद्द केली. ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

कायद्याने बंदी उठली, भीती मात्र उठली नाही. मराठी दुकानात ते पुस्तक मला आजवर दिसलेले नाही. न पटणाऱ्या ग्रंथाला पुराव्यानिशी उत्तर लिहायचे, तर आधी तो ग्रंथ हाती हवा. सुदुंबऱ्याला संताजींच्या समाधीपुढे उभे राहिलो की वाटते, त्या माणसाने कुणाची परवानगी मागितली नव्हती. त्याने फक्त उतरवून ठेवले. ते राहिले म्हणून आज आपण तुकोबा वाचतो.