साथ, शाळा आणि संमती : सोलापुरातील पालकांच्या मतभेदाचा विचार (२०२०–२०२२)

मराठीत ‘साथ’ या एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या गोष्टींचा बोध होतो : एक, माणसाने माणसास दिलेली सोबत, दुसरी, एकापासून दुसऱ्याकडे पसरत जाणारा रोग. ‘संसर्ग’ या शब्दाचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ सहवास किंवा संबंध असा होता. आज तो उच्चारताच रोगाचीच आठवण होते. शाळा ही संस्था या दोन्ही अर्थांच्या संधीवर उभी आहे. मुलांना एकत्र आणल्यावाचून शाळा होत नाही, आणि मुले एकत्र आली की रोगास वाट मिळते. म्हणून साथीच्या काळात शाळा उघडावी की मिटलेली ठेवावी हा प्रश्न केवळ आरोग्याचा किंवा केवळ शिक्षणाचा राहत नाही. २०२० ते २०२२ या काळात कोविडच्या साथीमुळे हा प्रश्न सोलापुरातील घराघरांत येऊन पोहोचला आणि त्यावरून पालकापालकांत मतभेद झाले. या मतभेदाचे स्वरूप काय होते आणि त्याचा निवाडा ज्या रीतीने झाला ती रीत कितपत योग्य होती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

साथ आणि शासन यांचा संबंध या प्रदेशास नवा नव्हे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. पुण्यात घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि त्यांतून उसळलेला लोकक्षोभ, २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रोग्यांची सेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. पुण्यात मुलींना अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षिकेने साथीच्या दिवसांत शाळेबाहेरचे कर्तव्य पत्करले, ही घटना पुढील विवेचनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला. महाराष्ट्रातील लोकांनी त्यास ‘मानमोडी’ असे नाव दिले. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. परंतु न्यूयॉर्क आणि शिकागो या दोन मोठ्या शहरांनी त्या चालू ठेवल्या. दाटीवाटीच्या चाळींतून राहणारी मुले घरी असण्यापेक्षा डॉक्टर व परिचारिका यांच्या नजरेखाली शाळेत असलेली बरी, असा तेथील आरोग्याधिकाऱ्यांचा युक्तिवाद होता. तो सर्वांस पटला असे नाही. तथापि ‘घर सुरक्षित आणि शाळा धोक्याची’ हे समीकरण प्रत्येक घराच्या बाबतीत सारखेच खरे नसते, हा विचार त्यातून शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला होता.

आता प्रस्तुत काळाचा क्रम पाहू. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच अधिनियम पुन्हा लागू झाला आणि त्या महिन्याच्या मध्यास शाळांचे दरवाजे मिटले. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाची अभ्यासमाला राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने सुरू केली. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग भरविण्यास अनुज्ञा मिळाली. स्थानिक परिस्थिती पाहून अंतिम निर्णय करण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाकडे होता. दुसऱ्या लाटेने हा क्रम मोडला. २०२१ मध्ये पहिली ते आठवीची मुले परीक्षेवाचून वरच्या वर्गात गेली. दहावीची आणि त्यामागोमाग बारावीचीही परीक्षा रद्द झाली. जुलै २०२१ मध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले. ऑगस्टच्या मध्यास इतर वर्ग उघडण्याचा ठरलेला बेत कृती दलाच्या आक्षेपामुळे मागे घ्यावा लागला. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासून व शहरी भागात आठवीपासून पुढील वर्ग, आणि १ डिसेंबर २०२१ पासून पहिलीपासूनचे वर्ग उघडण्याचे ठरले. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेच्या भयाने शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत मिटण्याचा आदेश निघाला. परंतु विरोध इतका झाला की २४ जानेवारीपासूनच त्या पुन्हा उघडू लागल्या.

या क्रमातील प्रत्येक पायरीवर पालकांत दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की वर्ष बुडाले तर भरून काढता येईल, जीव गेला तर येणार नाही. या पक्षास भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ च्या वसंतात रुग्णालयांत खाटा आणि प्राणवायू यांची जी टंचाई झाली ती लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. पुढील लाट लहान मुलांवर येईल असे त्यानंतर वारंवार बोलले जात होते आणि राज्याने बालरोगतज्ज्ञांचे स्वतंत्र कृती दलही नेमले होते. शिवाय मूल स्वतः आजारी न पडता घरातील आजीआजोबांपर्यंत रोग आणील ही धास्ती होतीच; एका छपराखाली तीन पिढ्या नांदणाऱ्या घरांत ती निराधार नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये शाळा उघडण्यापूर्वी शिक्षकांच्या सक्तीच्या तपासण्या झाल्या आणि राज्यातील अनेक जिल्ह्यांत बाधित शिक्षक आढळले, तेव्हा या पक्षास आणखी बळ मिळाले.

दुसऱ्या पक्षाचे बोलणे निराळ्या अनुभवातून येत होते. सोलापूर हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून कापडगिरण्यांचे, पुढे यंत्रमागांचे आणि विड्यांचे शहर. येथील हजारो स्त्रिया कारखान्यातून पाने व तंबाखू घेऊन येतात आणि घरी बसून विड्या वळतात. अशा घरात खोली एकच असते. तीच कामाची जागा, तीच स्वयंपाकाची आणि टाळेबंदीत तीच मुलाची ‘शाळा’ ठरली. फोन असला तर एक, आणि तोही कमावत्या माणसाबरोबर बाहेर जाणारा. शाळा मिटली म्हणजे मुलगी घरी राहिली, आणि घरी राहिलेल्या मुलीचे हात कामाला जुंपले जाण्यास वेळ लागत नाही. सोलापूर जिल्ह्यात या काळात बालविवाह थांबविल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या. तेव्हा या पक्षाच्या दृष्टीने शाळा मिटणे म्हणजे काही दिवसांची सुटी नव्हती. एकदा सुटलेले शिक्षण पुन्हा हाती लागेल की नाही, अशी ती शंका होती. त्यांच्या मनातील असंतोषास शासनाच्या विसंगतीनेही खतपाणी मिळाले. १७ एप्रिल २०२१ रोजी पंढरपूर–मंगळवेढा मतदारसंघात पोटनिवडणुकीचे मतदान झाले तेव्हा जिल्ह्यातील वर्ग रिकामे होते. जानेवारी २०२२ मध्ये उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने चालू होती आणि शाळा मात्र बंद.

म्हणजे वाद सावध आणि बेपर्वा पालकांमधला नव्हता. ‘पालक’ या शब्दाचे मूळ ‘पाल्’ म्हणजे रक्षण करणे या धातूत आहे. रक्षण कशापासून करावयाचे, एवढाच मतभेदाचा मुद्दा होता. एकास रोगापासून रक्षण करावयाचे होते, दुसऱ्यास अज्ञानापासून आणि अकाली मजुरीपासून. दोघेही पालकच होते. ज्याच्या घरी पुस्तके, फोन आणि शिकविणारे माणूस होते त्यास थांबणे परवडत होते. ज्याच्या घरी यांपैकी काहीच नव्हते त्यास थांबण्याची किंमत अधिक पडत होती.

हा मतभेद मिटविण्यासाठी शासनाने जो उपाय योजला त्याचे नाव ‘संमतिपत्र’. मूल शाळेत यावयाचे तर पालकाने लेखी संमती द्यावी, उपस्थितीची सक्ती नसावी, असा नियम झाला. १८९७ ची बळजोरी स्मरणात असलेल्या समाजात हा नियम वरवर पाहता उदार वाटतो, आणि एका मर्यादेत तो उदार होताही. परंतु ‘संमती’ या शब्दात ‘सम्’ हा उपसर्ग आहे. एकत्र विचार करून एका मतास येणे हा त्याचा गाभा. संमतिपत्राने नेमके उलट घडले. प्रत्येक पालकाने आपापल्या घरी एकट्याने विचार करावा, सही करावी आणि परिणामही एकट्याने सोसावा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर चालू होती. ‘जबाबदारी’ हा शब्द अरबी ‘जवाब’ आणि फार्सी ‘दार’ यांपासून सिद्ध झालेला. जो उत्तर देण्यास बांधलेला तो जबाबदार. शाळा उघडल्याबद्दल उत्तर कोणी द्यावयाचे, या प्रश्नाचे ओझे सहीच्या एका कागदाने शासनाकडून कुटुंबाकडे सरकले. काहीजण सही देत, काहीजण देत नसत. आणि एकाच वर्गातील अर्धी मुले बाकावर, अर्धी घरी, असा प्रकार होऊन शिक्षकास दोन्ही ठिकाणी शिकविणे भाग पडे.

जुलै २०२१ मध्ये पालकांचे मत अजमावण्याचा प्रयत्नही झाला. राज्यातील सुमारे ६ लाख ९० हजार पालकांनी त्यात भाग घेतला आणि त्यांपैकी सुमारे ८१ टक्के पालकांनी शाळा उघडण्याच्या बाजूने कौल दिला. हा आकडा मोठा आहे. परंतु पाहणी ऑनलाईन झाली होती हे विसरता येत नाही. ज्या घरी फोन नव्हता त्या घरचे मत मोजले जाणे कठीण होते, आणि शाळा मिटल्याचा फटका त्याच घरांना सर्वाधिक बसत होता. ‘असर’ या संस्थेच्या २०२१ च्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातील शाळकरी मुलांच्या सुमारे दोनतृतीयांश घरांत स्मार्टफोन आढळला; पण अशा घरांतील चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांच्या हाती तो पडतच नव्हता.

वादात ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण होता ती म्हणजे सर्वांत लहान मुले. शाळा वरून खाली उघडत आल्या : आधी नववी ते बारावी, नंतर पाचवी ते आठवी, शेवटी पहिली ते चौथी. परीक्षेच्या दृष्टीने हा क्रम समजण्याजोगा होता. तथापि २० जुलै २०२१ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकांनी, लहान मुले विषाणूस मोठ्यांपेक्षा अधिक चांगल्या रीतीने तोंड देऊ शकतात, म्हणून उघडावयाच्या तर प्राथमिक शाळा प्रथम उघडणे इष्ट, असे मत दिले होते. त्याच वेळच्या रक्तजल तपासणीत सहा ते नऊ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे घरी राहूनही रोग त्यांच्यापर्यंत पोहोचलाच होता. तरीही पहिली ते चौथीचे वर्ग वीस महिन्यांहून अधिक काळ मिटलेले राहिले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेले मूल वर्गात प्रथम बसले ते दुसरीत.

सोलापुरात या हानीस एक विशेष पैलू आहे. या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू या भाषा घरोघरी बोलल्या जातात. पद्मशाली विणकरांच्या वस्तीतील कित्येक मुलांची घरची भाषा तेलुगू आणि शाळेची भाषा मराठी. अशा मुलास मराठी केवळ पुस्तकातून येत नाही. ती बाकावरच्या सोबत्याकडून, मधल्या सुटीतील भांडणातून आणि बाईंच्या रागावण्यातून येते. सहा–सात वर्षांच्या वयात हा सहवास तुटला तर तुटते ती शिक्षणाच्या माध्यमाची वाटच. घरची भाषा मराठी असलेल्या मुलाचे वाचन मागे पडले. या मुलांच्या बाबतीत ऐकण्या-बोलण्याचा पायाच घातला गेला नाही. पडद्यावरील एकतर्फी पाठाने ही उणीव भरून येणे शक्य नव्हते. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशातील ग्रामीण भागात तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आल्याचे दिसले. घरची भाषा निराळी असलेल्या मुलांची हानी अशा सरासरीत वेगळी दिसत नाही.

याच जिल्ह्याने या काळात एक अभिमानाचा क्षणही पाहिला. माध्यमिक वर्ग प्रथम उघडल्यानंतर दहाच दिवसांनी, ३ डिसेंबर २०२० रोजी, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अन्य नऊ स्पर्धकांस वाटून देण्याचे घोषित केले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या त्यांच्या कार्याचा त्यात गौरव होता. पण जगाने ज्याचे कौतुक केले ते साधनही फोन नसलेल्या घरात मुके राहते. साधनामागे शिक्षक आणि शिक्षकासमोर मूल असेल तरच ते बोलते.

संमतिपत्राहून अन्य मार्ग नव्हता काय? होता, आणि त्याचे बीज त्या काळच्या आदेशांतच होते. जुलै २०२१ च्या आदेशात गावाने सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी, पालकांशी चर्चा करावी आणि ग्रामपंचायतीने ठराव करावा, अशी तरतूद होती. अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने तर त्याआधीच, जून २०२१ मध्ये, गाव कोविडमुक्त ठेवून शाळा भरविली होती. तेथे सही एकेका पालकाची नव्हती. निर्णय गावाचा होता, म्हणून काळजीही गावाची होती. शहरातील पेठांना असे व्यासपीठ मिळाले नाही. वास्तविक २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने स्थापिलेल्या शाळा व्यवस्थापन समित्यांत तीनचतुर्थांश सभासद पालकच असतात. भिन्न मतांचे पालक तेथे एकमेकांसमोर बसले असते, तर विडी वळणाऱ्या आईची अडचण आणि वृद्ध सासऱ्यांची काळजी वाहणाऱ्या आईची भीती एकमेकींस कळली असती. कदाचित लहान वर्ग पाळीपाळीने, पटांगणात, झाडाखाली भरविण्याचा तोडगाही निघाला असता.

१८९७ मध्ये शासनाने लोकांस न विचारता निर्णय केला. २०२० मध्ये त्याने प्रत्येकास वेगवेगळे विचारले. या दोन्ही रीतींत लोकांनी एकत्र बसून ठरविण्यास जागा नव्हती. पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. पण ती आली की शाळेचा प्रश्न पुन्हा उभा राहील, हे निश्चित आहे. त्या वेळी पालकांपुढे सहीचा कागद ठेवण्यापूर्वी त्यांस एका जागी बसवावे, आणि विचार करताना सर्वांत लहान वर्गापासून आरंभ करावा, एवढा बोध सोलापूरच्या या दोन वर्षांच्या इतिहासातून घेण्यास हरकत नाही.